चार भेटींपुरतं

"अहो, मग बोलला का नाहीत?"

क्युब्लरबाईंनी एवढंच विचारलं. त्यात टोमणा नव्हता की राग नव्हता. तळमजल्यावर एकटी राहणारी ऐंशीची म्हातारी, गुडघ्यांना हात देत देत तीन मजले चढून आली होती, ती केवळ झालेली चूक कबूल करायला. रूथ आयझेले जिन्याच्या वळणावर बसून कठड्याखालची पट्टी पुसत होती. "पाटी माझ्याच हातून तुमच्या दाराला लागली हो. ही पाळी चौथ्या मजल्यावरच्या पोरांची. तुमची तर मागच्याच शनिवारी झाली." झाडलोटीची ती लाकडी पाटी सहा बिऱ्हाडांच्या त्या घरात दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जायची. ज्याच्या दाराच्या मुठीला लटकली त्याने शनिवार संपायच्या आत जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा फूटपाथ लख्ख करायचा. स्टुटगार्टात याच्यावरून भावाभावांत अबोला होतो, पण पाळी कुणी चुकवत नाही. रूथला सोमवारी सकाळीच कळलं होतं की ही पाळी आपली नाही. तिने पाटीकडे पाहिलं होतं, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे पाहिलं होतं आणि शनिवारी बादली भरली होती. तळघरापासून सुरुवात करून इथवर आली होती. आता क्युब्लरबाई विचारत होत्या, बोलला का नाहीत. साधा प्रश्न. रूथने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आत शोधलं, तर तिथे उत्तर नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. आपल्याच घराच्या ओळखीच्या खोलीत दिवा लावावा आणि खोलीत एकही सामान नसावं, तसं झालं. फडकं हातातून सुटलं. मग ती रडायला लागली, आणि ते थांबेना. क्युब्लरबाईंनी आधी "अगंबाई" केलं, मग पाण्याचा पेला आणला, मग रूथच्या नवऱ्याला, एर्विनला, हाक मारली. चौथ्या मजल्यावरची पोरं दार किलकिलं करून बघून गेली. पाऊण तास. नोव्हेंबरात आईला पुरलं तेव्हा रूथच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, काय धीराची आहे बघा. आणि एप्रिलात ती एका ओल्या जिन्यावर, दुसऱ्याच्या पाळीवर, ढसाढसा रडत बसली होती.

त्यानंतर ते रडणं कुठेही गाठायला लागलं. दुकानात तर फारच. रूथ सव्वीस वर्षं कानाच्या मशीनांच्या दुकानात काम करत होती. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज कितीही बारीक असो, ऐकू आला की दाबा. मग एकेक सूर सोडत जायचं, खाली खाली, जिथे ऐकणं संपतं त्या काठापर्यंत. त्या खोलीतली शांतता तिला आवडायची. आता त्याच शांततेत तिचे डोळे भरून यायचे, आणि काचेपलीकडचे आजोबा घाबरून बटण दाबायचे. स्वेन्या, दुकानातली तिची तरुण सोबतीण, म्हणाली, "रूथ, तू डॉक्टरकडे जा. गिऱ्हाइकांना वाटतंय त्यांचे कान गेलेत म्हणून तू रडतेस." स्वेन्याला स्वतःला बोगद्यांची भीती होती, या बोगद्यांच्या शहरात ती दोन वर्षं टेकड्यांना वळसे घालून कामावर यायची. मग तिने उपचार घेतले. कागद भरायचे, भीतीला दहापैकी गुण द्यायचे, आज बोगद्याच्या तोंडाशी उभं राहा, उद्या पन्नास पावलं आत जा. सात महिन्यांत ती बोगद्यातून शीळ घालत यायला लागली. "तसलंच घे," ती म्हणाली. "गृहपाठ देतात. तुला तर गृहपाठ फार आवडेल." आणि खरंच, रूथला ते ऐकूनच बरं वाटलं. सांगितलेलं काम नीट करायचं, एवढंच तर तिला जन्मभर जमत आलं होतं.

पण डॉक्टर म्हणाले, तुम्हाला कशाची भीती वाटते? रूथ म्हणाली, कशाचीच नाही. मग त्यांनी चष्मा काढला. ते म्हणाले, दुसऱ्याही तऱ्हेचा उपचार असतो, तो मागे वळून बघतो. जुनी सवय आज कशी वागायला लावते ते पाहतो. वेळ लागतो. तुम्हाला मानवेल की नाही ते मी सांगू शकत नाही, ते तिथे बसूनच कळतं. पहिल्या चार भेटी त्यासाठीच असतात. त्या तुम्ही आणि तज्ज्ञ दोघांनी एकमेकांना पारखायच्या. चौथ्या भेटीच्या शेवटी दोघांचंही हो असलं, तर विम्याकडे पुढच्या भेटींचा अर्ज जातो. त्यांनी टिमेलबाईंचं नाव लिहून दिलं. पाच महिने थांबावं लागलं. थांबण्याबद्दल रूथची काही तक्रार नव्हती; तिच्या मनात दुसरंच घर करून बसलं होतं. चार भेटी म्हणजे परीक्षाच की. आपण नापास झालो तर? आणि त्याच्या खाली, आणखी खोल, जिथे ती सहसा जात नसे, तिथे उलटी भीती होती. आपण पास झालो तर? मग तिथे आईबद्दल बोलावं लागेल. आईबापाचा मान राखावा ही आज्ञा ती अक्षरओळख व्हायच्या आधी शिकली होती. मेलेल्या आईची गाऱ्हाणी पगारी बाईपुढे मांडायची, दर आठवड्याला, पन्नास मिनिटं? एर्विन म्हणाला, "अगं जा तर. नाही आवडलं तर उठून ये. आणि तिथला सोफा मऊ असला तर कुठून घेतला ते विचारून ठेव."

सोफा होता. पण टिमेलबाईंनी तिला खुर्चीकडे हात केला आणि स्वतः समोरच्या खुर्चीत, जराशा कोनात बसल्या. सोफा वेगळ्या उपचाराचा, त्या म्हणाल्या, आपण दोघी बसून बोलू. वय चाळिशीच्या अलीकडचं. लोकरी मोजे, टेबलावर कागदी रुमालांचा डबा, भिंतीवर एकच चित्र, त्यात नुसता राखाडी समुद्र. सप्टेंबरातला मंगळवार, संध्याकाळचे पाच. रस्त्यापलीकडच्या चर्चची घंटा पाचचे ठोके देत होती आणि दोघीही ते संपेपर्यंत थांबल्या. मग टिमेलबाई म्हणाल्या, "काय घेऊन आलात?" रूथने पर्समधून कागद काढला. तिने सगळं लिहून आणलं होतं. तारखा, किती वेळा रडू आलं, किती मिनिटं, झोप किती, आईच्या मृत्यूचा दिवस. तिने ते वाचून दाखवलं. टिमेलबाईंनी ऐकलं. मग गप्प राहिल्या. रूथला वाटलं, आता त्या काहीतरी सांगतील, काहीतरी करायला देतील. त्या गप्पच. आपल्या काचेच्या खोलीत आपण माणसांना याच शांततेत बसवतो, हे रूथला प्रथमच त्या बाजूने कळलं. कानात नुसती स्वतःच्या रक्ताची सळसळ, आणि हातातलं बटण. शेवटी तीच म्हणाली, "मी नीट सांगितलं ना?" टिमेलबाई म्हणाल्या, "नीट सांगितलं नसतं तर काय झालं असतं?" रूथला हा प्रश्न उद्धट वाटला. लगेच, उद्धट वाटल्याबद्दल तिला वाईट वाटलं. घरी येऊन एर्विनला म्हणाली, बाई चांगल्या आहेत. "काय सांगितलं त्यांनी?" "काही नाही." "काहीच नाही?" एर्विनने भुवया चढवल्या. "बरं आहे. मी चाळीस वर्षं कारखान्यात काही न बोलता काढली, मला कुणी एवढा मान दिला नाही."

दुसऱ्या भेटीला तिने स्वप्न नेलं. असल्या ठिकाणी स्वप्नं लागतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. सहा रात्री काही पडलं नाही, सातव्या रात्री एक पडलं, ते तिने पहाटे उठून सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. घर, घरात पाणी, पाण्यात आईचे बूट. तिने ते समोर ठेवलं, सणाला केलेल्या बिस्किटांची ताटली ठेवावी तसं. टिमेलबाई हसल्या, पण मायेने. "हे तुम्ही माझ्यासाठी केलंत का?" आणि रूथचे कान तापले, कारण ती ही जात ओळखत होती. दुकानात तसली माणसं यायची. मशीनमधून सूर सोडलेलाच नसायचा आणि ती बटण दाबायची. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. समोरच्या बाईला निराश करू नये म्हणून, कान चांगले ठरावेत म्हणून. अशा माणसाची तपासणी सर्वांत कठीण. बहिऱ्याला काय ऐकू येत नाही ते शोधता येतं. ज्याला तुम्हाला खूश करायचं आहे त्याला काय ऐकू येतं, ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तिने टिमेलबाईंना हे सांगितलं, जरा अडखळत. टिमेलबाई प्रथमच खुर्चीत पुढे झाल्या. "अशा माणसांना तुम्ही काय सांगता?" रूथ म्हणाली, "सांगते, घाई नाही. ऐकू आलं नाही तर नुसतं बसून राहा." आणि मग दोघी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. ती शांतता पहिल्यापेक्षा थोडी कमी टोचली.

त्याच भेटीत शेवटी रूथने विचारलं, की हा उपचार नक्की कसा काम करतो, आणि तिच्यासारखीला तो मानवतो का. टिमेलबाई म्हणाल्या, "तुमच्या सोबतिणीला जे मिळालं ते खरंच चांगलं आहे. तिला माहीत होतं काय बदलायचंय. काही माणसांना ते माहीत नसतं. त्यांची एक जुनी रीत असते, लहानपणी ती उपयोगी पडलेली असते, आणि माणसं ती सगळीकडे नेतात. इथेही आणतात. मग आपण ती इथे बघू शकतो, तुमच्या-माझ्यात. मी गृहपाठ देणार नाही. पुष्कळदा वाटेल, वेळ फुकट गेला. ज्याला आत्ता लगेच पायाखाली जमीन हवी आहे त्याला मी हा उपचार सुचवत नाही." "आणि मला?" "मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला?" रूथला हसू आलं. एवढी शिकलेली बाई, आणि अजून कळलेलं नाही म्हणते. गावातल्या दाईलासुद्धा पोट बघून सांगता यायचं. ट्राममध्ये बसल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की कुणीतरी तिला, रूथ आयझेलेला, तिच्याबद्दलचं मत विचारलं होतं, आणि ते मत मोजलं जाणार होतं.

रोज पहाटे, एर्विन उठायच्या आधी, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे. कॉफी, मेणबत्ती, बायबलातलं त्या दिवसाचं वचन, मग नावांची यादी. हा नेम तिने अठराव्या वर्षी धरला होता आणि बाळंतपणातही मोडला नव्हता. यादीत आजारी माणसं असत, लेक, जावई, दुकानातला म्हातारा मालक, आणि आता क्युब्लरबाईंच्या खाली टिमेलबाई. आईचं नाव मात्र नोव्हेंबरापासून कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. जिवंतांच्या यादीतून काढलं होतं. मेलेल्यांची यादी त्यांच्या पंथात करत नसत. म्हणून ते नाव यादीच्या बाहेर, मेणबत्तीच्या आसपास, नुसतं घुटमळत असे. आईची डोकेदुखी. पडदे ओढलेली खोली, कपाळावर व्हिनेगरची पट्टी. आल्बच्या पठारावरचं तिचं माहेरचं गाव इतकं वाऱ्याचं, की घर कधी गप्प नसायचं. खिडक्या वाजायच्या, कौलं वाजायची, पण मुलांनी वाजायचं नाही. रूथ पायाच्या कडांवर चालायला शिकली. कुठली फळी करकरते ते तिला अंधारातही पाठ होतं. वडील सुतार. ते गप्पच असायचे. त्यांच्याकडे कौतुक म्हणजे रागावले नाहीत एवढंच. पण आई कौतुक करायची. दुखणं उतरलं की ती हात बाहेर काढून रूथचं डोकं जवळ घ्यायची आणि म्हणायची, माझी रूथ, हिचा मला कधी त्रास म्हणून नाही. त्या हाताचा वास. व्हिनेगर, साबण आणि खाली कुठेतरी आई. त्या एका वाक्यासाठी रूथने काहीही केलं असतं. केलंही.

ते तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं. कसं निघालं कुणास ठाऊक. बोलत होती मनगटाबद्दल, पावसाळी हवेत डावं मनगट दुखतं म्हणून. आणि मग ती सात वर्षांची होती, गवताच्या माळ्यावरून खाली पडली होती. टक्कन आवाज झाला होता, कोरडी काटकी मोडावी तसा. हात वेगळ्याच दिशेला वळला होता. वर खोलीचे पडदे ओढलेले. तिने हात कमरेला पुढे बांधलेल्या फडक्यात गुंडाळला आणि मागच्या अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. दुपार होती. कोंबड्या पायांत येत होत्या. तिने दातांत फडक्याचं टोक धरलं. सावली बाकावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून छपरावर. संध्याकाळी वडील आले तेव्हा त्यांनी पाहिलं. हाड बसवायला उशीर झाला होता, म्हणून ते वाकडंच बसलं. पुढच्या रविवारी बैठकीच्या खोलीत पंथाच्या बायका जमल्या असताना आईने सांगितलं, सबंध दुपार, पण माझ्या रूथने हूं की चूं केलं नाही. आणि सगळ्या वळून बघायला लागल्या, आणि कुणीतरी म्हणालं, देवाची लेक. "तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा दिवस होता," रूथ म्हणाली. ते वाक्य तिने जवळजवळ पन्नास वर्षं याच शब्दांत मनात बाळगलं होतं. पण या खोलीत, या राखाडी समुद्रापुढे मोठ्याने ऐकल्यावर ते जरा निराळं वाजलं. सूर तोच, पण कुठेतरी चिरलेला. तिला काहीतरी दिसायला लागलं होतं. "आणि मग," ती म्हणाली, "मी जेव्हा त्या बाकावर..." पलीकडची घंटा वाजली. तीन टोले, पावणेसहाचे. टिमेलबाई उठल्या. "आज आपल्याला इथे थांबावं लागेल."

रूथही उठली. आभार मानले, छत्री घेतली, जिना उतरली. फूटपाथवर आल्यावर तिने घड्याळ पाहिलं. सहाला तेरा कमी. भेट सहाला दहा कमी असताना संपायची. दारापासून इथवर दोन मिनिटं धरली, तरी त्यांनी आपल्याला पाच मिनिटं आधी उठवलं. घंटा ऐकली आणि उठल्या, दमल्या असतील. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची म्हणजे काय चेष्टा आहे. घरी लहान मूल असेल. पाच मिनिटं ती काय. ट्राममध्ये तिने टिमेलबाईंसाठी इतकी कारणं शोधली, की एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत तिचं स्थानक मागे पडलं. मागे फिरून चालत घरी आली. एर्विनने मसुराची डाळ गरम करून ठेवली होती, सोबत श्पेट्झलेच्या जाड शेवया. तो म्हणाला, "ये, डाळीत आज व्हिनेगर जरा जास्त झालंय बहुतेक." आणि रूथने पळी टेबलावर आपटली. डाळ उडाली, भिंतीवर गेली. "मग कशाला घातलंस?" ती ओरडली. "दरवेळी, दरवेळी मीच काय ते चालवून घ्यायचं!" स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. एर्विन शर्टावरची डाळ बोटाने निपटत बघत राहिला. मग हळूच उठला आणि खिडकीकडे गेला. "काय करतोस?" "खिडकी उघडतो. एकतीस वर्षांनी बायको ओरडली, शेजाऱ्यांनाही ऐकू दे." ती रडता रडता हसली, हसता हसता रडली. दोघांनी मिळून भिंत पुसली. "माझा राग आला होता?" त्याने झोपताना विचारलं. "नाही." "तेच म्हटलं. डाळीचा एवढा राग कुणाला येत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती यादी म्हणत होती, क्युब्लरबाईंपर्यंत आली, आणि पुढच्या नावाला जीभ अडली. टिमेलबाईंना सुखी ठेव, हे वाक्य निघेना. तिने दोनदा सुरुवात केली. मेणबत्तीची वात तडतडली. बाहेर कचऱ्याची गाडी आली, थांबली, गेली. शेवटी ती म्हणाली, अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून, "आज मला हिचं नाव घेववत नाही. तूच बघ." आणि घाबरून थांबली. सदतीस वर्षांत नेमात असं कधी झालं नव्हतं. पण वीज पडली नाही. खोलीतल्या शांततेला काही झालं नाही. उलट ती जरा जवळ सरकून बसल्यासारखी वाटली. लहानपणापासून पाठ असलेल्या कितीतरी जुन्या प्रार्थना तिला एकाएकी आठवल्या. त्या करणारी माणसं काय गोड बोलत होती? कुठे गेलास, तोंड का लपवलंस, किती दिवस गप्प बसणार, असं ती देवाला तोंडावर विचारत होती. आणि देवाने त्या प्रार्थना टाकून दिल्या नाहीत, जपून ठेवल्या. ती रोज त्या म्हणत आली होती, पण दुसऱ्याच्या तोंडच्या म्हणून. हूं की चूं न करणारी लेक त्याला हवी आहे, हे तिला देवाने सांगितलं होतं की पडदे ओढलेल्या खोलीने? कॉफी गार झाली होती. तिने ती तशीच प्यायली, आणि त्या सकाळी प्रथमच आईचं नाव मोठ्याने घेतलं, यादीत नाही, नुसतं. मार्था. त्यापुढे काय म्हणायचं ते अजून सापडत नव्हतं. पण नाव टेबलावर होतं.

चौथ्या मंगळवारपर्यंतचे दिवस तिने दोन्ही बाजूंनी भांडून काढले. जायचं आणि गोड बोलून संपवायचं; म्हणायचं, आता मला बरं वाटतंय, माझी जागा दुसऱ्या कुणा गरजूला द्या. तिथून बाहेर पडल्यावर स्वेन्यावर उपचार करणाऱ्या बाईंकडे नाव घालायचं, कागद भरायचे. ते सोपं होतं, आणि त्यात खोटंही फार नव्हतं. रडणं खरोखर कमी झालं होतं. स्वेन्या म्हणाली, "मग नको जाऊस. बरं झालं की सुटलं." रूथ काचेच्या खोलीत यंत्र पुसत होती. ती म्हणाली, "बरं झालेलं नाही. मी बरी आहे असं म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं, एवढंच." "हे तू म्हणालीस?" स्वेन्या म्हणाली. "बाई काहीच सांगत नाहीत म्हणत होतीस ना?"

खोलीत सगळं तसंच होतं. समुद्र, रुमाल, जराशा कोनातल्या खुर्च्या. टिमेलबाई म्हणाल्या, "आज चौथी भेट." रूथ म्हणाली, हो. तिने तयार केलेली वाक्यं एकेक करून तपासली. मला बरं वाटतंय. तुम्ही फार मदत केलीत. मग ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही मला पाच मिनिटं आधी उठवलंत." म्हणून झालं. कुणीतरी दुसऱ्यानेच म्हटल्यासारखं ते हवेत थांबलं, आणि रूथने लगेच त्याच्या मागे धावावं तसं केलं. "म्हणजे काही हरकत नाही, तुम्ही दमला असाल, पाच मिनिटं म्हणजे..." टिमेलबाईंनी हात जरासा उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर लाली चढली होती. त्यांनी वही उघडून पाहिली, मग वही मिटली. "खरं आहे. पावणेसहाची घंटा ऐकली आणि वेळ झाली असं समजून उठले. चूक माझी. तुम्ही अगदी मधोमध होतात, बाकावर." मग म्हणाल्या, "आठवडाभर हे बाळगलंत?" रूथने मान हलवली. "काय झालं तुम्हाला, मी उठले तेव्हा?" आतली ती खोली, जिच्यात एप्रिलात काहीच सापडलं नव्हतं. रूथने पुन्हा आत पाहिलं. या वेळी तिथे काहीतरी होतं, कोपऱ्यात, लहान, घट्ट, तापलेलं.

"राग आला," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"तुमचा." आणि तिला हुंदका आला, पण तो जिन्यावरच्या रडण्यासारखा नव्हता, त्याला पुढचं-मागचं होतं. टिमेलबाई दुखावल्या नव्हत्या. डोकं धरून पडल्या नव्हत्या. खुर्चीतच होत्या, तिच्याकडे बघत, जरा जास्तच लक्षपूर्वक. "आणखी कुणाचा?" त्यांनी विचारलं, अगदी सावकाश. रूथने रुमाल काढला, नाक पुसलं. "आज फक्त तुमचा," ती म्हणाली. "आईचं मला अजून माहीत नाही." "ठीक आहे," टिमेलबाई म्हणाल्या. "त्याला घाई नाही."

मग त्या दोघी त्या बाकावर परत गेल्या, जिथून उठल्या होत्या. कोंबड्या होत्या, सावली होती. रूथने सांगितलं की सावली छपरावर गेली तेव्हा आत आईच्या खोलीचा पडदा एकदा हलला होता. कुणीतरी खाली पाहिलं असावं, किंवा वारा असावा. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं; स्वतःलाही नाही. टिमेलबाई म्हणाल्या, दोन्ही शक्य आहे. त्यांनी वारा म्हटलं नाही, आईही म्हटलं नाही. आईला त्यांनी तिच्या हातून काढून घेतलं नाही, हे रूथच्या फार उशिरा लक्षात आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. व्हिनेगरचा वास असलेला तो हात तसाच होता. त्याच्या शेजारी आता तो पडदाही होता. दोन्ही एकाच बाईचे असू शकतात.

पावणेसहाची घंटा वाजली. दोघींपैकी कुणी उठलं नाही. टिमेलबाई किंचित हसल्या, रूथही. मग त्या म्हणाल्या, "मला वाटतं, हा उपचार कसा काम करतो असं तुम्ही विचारलं होतंत, ते आज इथे झालं. याहून मोठं इथे काही होत नाही. हेच, पुन्हा पुन्हा. कंटाळा येईल. माझ्या हातून आणखी चुका होतील, आणि काही वेळा तुम्हाला वाटेल आधी होते तीच बरी होते. माझ्याकडून हो आहे. तुमचं काय? अर्ज लिहू का?" रूथने हो म्हटलं. विचार करावा लागला नाही, यानेच ती चकित झाली. टिमेलबाईंनी वही ओढली. "मग हीच वेळ ठेवू. मंगळवार, पाच."

"बरं," रूथ म्हणाली. आणि मग, टिमेलबाईंची पेन्सिल कागदाला टेकलेली असताना, "नाही. म्हणजे, मंगळवारी मला नाही जमणार. मंगळवारी संध्याकाळी चर्चमध्ये आमचं गाणं असतं. हे चार मंगळवार मी गेले नाही. मला ते आवडतं." शेवटचं वाक्य तिने आधी ठरवलेलं नव्हतं. टिमेलबाईंनी पानं उलटली. "गुरुवार भरलेला आहे," त्या म्हणाल्या. "बुधवारही." पुन्हा एक पान. एवढ्या वर्षांत अशा जागी रूथचं एक वाक्य ठरलेलं असायचं, राहू द्या, मी करीन काहीतरी. ते जिभेच्या टोकाशी येऊन उभंही राहिलं. तिने ते तिथेच उभं राहू दिलं. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पान उलटण्याचा आवाज, पेन्सिलचा आवाज. "सोमवारी," टिमेलबाई म्हणाल्या, "दुपारी चारला एक जागा पुढच्या महिन्यापासून मोकळी होतेय. तोवर आपल्याला कुठेतरी मधे बसवावं लागेल. चालेल तुम्हाला?"

रूथने पर्स उघडली, आपली डायरी काढली, चष्मा लावला. सोमवारची पानं एकेक करून, सावकाश, ती बघायला लागली.